तलावातला गोठ

माझ्या भाऊजींनी ते यंत्र बनवलं नसतं तर आमच्या घरातलं बरंच काही झाकलेलंच राहिलं असतं, आणि माझे मे महिन्यातले चार रविवारही वाचले असते. पहिल्या गोष्टीबद्दल काय वाटतं ते मला अजून धड सांगता येत नाही. दुसरीबद्दल येतं. राग येतो. नागपूरच्या मे महिन्यात सहा दिवस सरकारी कचेरीत फायली उपसल्यावर माणसाला सातव्या दिवशी ओला पंचा अंगावर घेऊन फरशीवर पडायचं असतं. ते चार रविवार मी भर उन्हात, एका वाळलेल्या तलावाच्या पोटात, हातात सब्बल, म्हणजे खणायची पहार, घेऊन उभा होतो. सोबतीला जगातला सर्वात उत्साही जावई.

माझी बहीण सीताबर्डीच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाला दिली होती. माणूस सोन्यासारखा. दारू नाही, पत्ते नाहीत. पण हातात पेचकस आला की त्याला भूक, तहान, बायको, काहीच आठवत नसे. त्या वर्षी रामदासपेठेतल्या एका डॉक्टरीणबाईंच्या कानातली कुडी बंगल्याच्या हिरवळीत पडली. भाऊजी त्यांच्याकडे रेडिओ पोचवायला गेले होते. माळी, मोलकरीण, स्वतः डॉक्टरसाहेब गवतात रांगून राहिले होते म्हणे. भाऊजींनी कुठल्याशा मासिकात वाचलेलं डोक्यात होतंच. त्यांनी आठ दिवस मागून घेतले, यंत्र जोडलं आणि नवव्या दिवशी कुडी काढून दिली. तेव्हापासून ते दुकानात जाताना आणि येताना, ओळखीच्या प्रत्येक माणसाला काही हरवलंय का म्हणून विचारू लागले.

यंत्र म्हणजे काय, तर बांबूची काठी. तिच्या खालच्या टोकाला प्लायवूडची चकती, चकतीभोवती तांब्याची तार गुंडाळलेली. काठीच्या मध्ये साबणाच्या डबीत बसवलेले काही सुटे भाग, आणि वर सुतळीने बांधलेला एक उघडा-वाघडा ट्रान्झिस्टर. सुरू केलं की त्यातून एकसारखी कूं ऐकू यायची आणि खाली धातू असला की तो आवाज चढायचा. ते घेऊन एका रविवारी भाऊजी आमच्याकडे आले. जेवणाआधी त्यांनी चुलीजवळचा चिमटा शोधला, मग अंगणातला खिळा शोधला, मग मायच्या पायातली जोडवी शोधली. मी वैतागून म्हणालो, "भाऊजी, हे सगळं आमाले बिना मशिनीचं दिसते." त्यांना राग येत नसे, ही आणखी एक अडचण.

माय जावयाला वाढत होती. वाढता वाढता तिने विचारलं, "जवाई, हे चिखलातलं दाखवते काय?"

"वाळलेला असन तं दाखवते, मामी. वीत-दीड वीत खोल."

"तलाव आटला हाय औंदा," माय म्हणाली. "माहा गोठ हाय त्यात. माह्या मायचा."

माझा घास हातातच राहिला. गोठ म्हणजे मनगटात घालायचं चांदीचं जाड, भरीव कडं. आमच्या घरात असं काही कधी होतं हेच मला ठाऊक नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं. ते ताटाकडे पाहत होते. मग ते उठले, हात धुतले, आणि अर्धं जेवण टाकून बाहेर निघून गेले. जावई जेवत असताना सासरा ताटावरून उठला, असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं.

मायने त्या दुपारी जे सांगितलं ते असं. तिची माय कुहीकडच्या एका खेड्यात लोकांच्या धानाच्या बांध्यांत रोवणी करायची. पोरीच्या लग्नात द्यायला घरात काहीच नव्हतं, म्हणून तिने स्वतःच्या मनगटातला गोठ काढून पोरीला घातला. दुसऱ्या मनगटातला मावशीसाठी ठेवला. पुढे बाबा कामाला होते ती कापड गिरणी मधूनमधून बंद पडू लागली. घरातली पितळेची गुंडी गेली, परात गेली, बंब तर आमच्याकडे कधी नव्हताच. गोठावर बाबांची नजर जाणार हे मायने ओळखलं. तिने तो फडक्यात बांधला आणि देवांच्या टोपलीत, देवांच्या खाली दडवला. बाबांचा देवावरचा विश्वास तेव्हाच उडाला होता. ते त्या टोपलीला हात लावत नसत. घरात त्यापेक्षा सुरक्षित जागा नव्हती.

मग छप्पन साली आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आम्ही म्हणजे आमची सगळी वस्तीच. त्यानंतरच्या दिवसांत घराघरातले देव निघाले. कोणी विहिरीत टाकले, कोणी नदीत. आमच्या वस्तीतल्या बहुतेकांनी मागच्या तलावात टाकले. माय वळलेल्या विड्या कारखान्यात पोचवायला गेली होती, तेवढ्यात बाबांनी टोपली उचलली, तिचं तोंड सुतळीने बांधलं आणि तलावात फेकून आले. मी सोबत होतो. आठ वर्षांचा होतो, एवढं आठवतं की टोपली पडताना मोठा आवाज झाला आणि ती लगेच बुडाली. माय घरी आली तेव्हा टोपलीचा कोनाडा रिकामा होता.

"मंग तू बोलली काहून नाही?" मी विचारलं.

"काय बोलू?" माय म्हणाली. "गोठ म्हनलं तं लपवला काहून म्हनतीन. रडली तं लोकं म्हनतीन, देवासाठी रडून राह्यली."

आणि लोक तसंच म्हणत होते, हे मला त्या क्षणी उमगलं. पहिली काही वर्षं माय संध्याकाळी तलावाच्या पाळीवर जाऊन बसायची. शेजारच्या बाया कुजबुजायच्या की हिचा जीव अजून जुन्यात अडकला आहे. मी मोठा झालो, चार पुस्तकं वाचली, तेव्हा मीसुद्धा तसंच धरून चाललो होतो. एकदा तर मी तिला दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांचा अर्थ समजावून सांगितला होता, चांगला अर्धा तास. तिने ऐकून घेतला होता. आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

बाबा रात्री जेवायला बसले तेव्हा एवढंच म्हणाले, "लोकं काय म्हनतीन? तेवीस वर्सं झाले दीक्षा घेऊन, अन् हे देव उपसून राह्यले." बाबा विहाराच्या पंचांत होते. त्यांचं म्हणणं मला पटत होतं. मायचंही पटत होतं. दोघांचं पटणं हा फार त्रासाचा प्रकार असतो, कारण दोघंही आपल्यावर रागावतात.

पहिल्या रविवारी सकाळी सातलाच भाऊजी हजर. प्रश्न असा होता की टोपली नेमकी पडली कुठे. पाहणारे दोघंच, बाबा आणि मी. मी बाबांना विचारलं, "बाबा, कोन्या बाजूनं फेकली होती?"

"आठवत नाही."

हे ऐकून माझं डोकं फिरलं. ज्या माणसाला गिरणीतल्या प्रत्येक जॉबरचं, म्हणजे मुकादमाचं, गाव आठवतं, कोणत्या लग्नात कोणी आम्हाला दुसऱ्या पंगतीत बसवलं ते आठवतं, त्याला हे आठवत नाही! मला वाटलं, हा निव्वळ हट्ट आहे. शोध होऊ द्यायचा नाही म्हणून केलेला. मग राहिलो मी. मला आठवत होतं की आम्ही एका बाभळीखाली उभे होतो. तेवीस वर्षांत त्या पाळीवरच्या बाभळी कोणाकोणाच्या चुलीत गेल्या होत्या. मी एका खुंटाकडे बोट दाखवलं, मग दुसऱ्या. भाऊजींनी दोन्हीकडे चुन्याने चौकोन आखले. क्रिकेटच्या मैदानासारखे.

तलावाचा तळ फरशीसारखा तडकलेला. मध्यावर तेवढा हिरवट ओलावा. भाऊजी पुढे काठी डावी-उजवी फिरवत, मी मागून सब्बल आणि घमेलं घेऊन. दोन्ही लोखंडाची, म्हणून शोधताना ती दहा पावलं लांब ठेवायची. दहा वाजेपर्यंत यंत्र सात वेळा ओरडलं. सात खड्डे मी खोदले. सातही रिकामे. आठव्यांदा ओरडलं तेव्हा भाऊजींनी यंत्र बंद केलं, माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, चप्पल काढा बरं." माझ्या चपलेला मोच्याने सहा-सहा खिळे ठोकले होते. मी फार मागोमाग चालत होतो. सात खड्डे माझ्याच चपलेचे.

मी चपला पाळीवर फेकल्या आणि उरलेला वेळ अनवाणी चाललो. नागपूरच्या मे महिन्यात साडेदहाला अनवाणी. ज्याने अनुभव घेतला नाही त्याला सांगून उपयोग नाही.

बाबा पाळीवर छत्री घेऊन बसले होते. यायचं नव्हतं, तरी आले होते. पुढच्या प्रत्येक रविवारी आले. मला याचा फार संताप यायचा. विरोध आहे तर घरी बसा. यायचं आहे तर खाली उतरून जागा दाखवा. ते दोन्ही करत नव्हते. आम्ही खड्डा खोदू लागलो की छत्री थोडी खाली करायचे.

दुसऱ्या रविवारी यंत्र खरंच काही शोधू लागलं. सोड्याच्या बाटल्यांची बुचं, सायकलचं पॅडल, अर्धा विळा, टिनाच्या डब्याची झाकणं. जुना भोकाचा तांब्याचा पैसा निघाला, मग दुसरा, मग एकाच जागी पाच. लोकांनी पूर्वी तलावात पैसे टाकले असतील. प्रत्येक पैसा निघाला की भाऊजी तो थुंकी लावून पुसायचे, उन्हात धरायचे आणि त्यावरचं साल मोठ्याने वाचायचे. मी म्हणायचो, "भाऊजी, आपन गोठ पाहून राह्यलो ना?" ते म्हणायचे, "हो हो, गोठ. पन हा पाहा ना, कसा कोरा हाय!" त्यांना गोठाचं काहीच पडलेलं नव्हतं असं नाही. पण यंत्र चालतं आहे याचा आनंद एवढा मोठा होता की त्यापुढे माझ्या मायचा गोठ मागे पडत होता. जावई असल्यामुळे त्यांना रागावताही येईना. मी तो राग मातीवर काढत होतो.

आणि लोक. रिकाम्या तलावात दोन माणसं काठी फिरवत आहेत म्हटल्यावर अर्धी वस्ती पाळीवर. प्रत्येकाला काही ना काही सुचवायचं होतं. एक म्हणे, "पानी मारा, मंग मऊ होते." एक म्हणे, "तेथ नाही, तेथ आमची म्हैस बसे." एका गाडीवाल्याने आईसकांडीची गाडी आणून उभी केली. त्याचा धंदा चांगला झाला. आमच्या शोधात कमाई झालेला तो एकटाच.

तिसऱ्या रविवारी गंमत संपली. यंत्र ओरडलं, मी वीतभर खोदलं आणि चिखलात लिपटलेला एक टाक हाती आला. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेला देव. घोड्यावर बसलेला असावा, घोडा तेवढा कळत होता. मग त्याच खड्ड्यात आणखी दोन. पितळेची एक लहानशी मूर्ती, हात नसलेली. पाळीवरची बडबड एकदम थांबली. आईसकांडीवाल्याची घंटासुद्धा थांबली. त्या लोकांत असे कितीतरी होते ज्यांनी आपल्या हातांनी हे असं काही या पाण्यात टाकलं होतं. मी टाक हातात धरून उभा. खाली ठेवावा की धरून राहावं तेही कळेना. हा आमचा नव्हता, कारण बाभळीचा खुंट लांब होता. कोणाचा तरी होता, आणि तो कोणीतरी पाळीवर उभा होता.

बाबा उठले. पहिल्यांदाच खाली उतरले, चप्पल चिखलात रुतवत माझ्यापाशी आले. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर मला फाडून खाणार. ते हळू आवाजात म्हणाले, "जेथ होता तेथ ठेव." मी ठेवला. त्यांनी स्वतः पायाने माती सारली. मग त्यांनी पाळीकडे तोंड केलं आणि मोठ्याने म्हणाले, "आमी देव पाहून नाही राह्यलो. हिचा गोठ पाहून राह्यलो. हिच्या मायचा. ज्याले बोलाचं असन त्यानं मले बोला."

मला बाबांचा तेव्हा फार अभिमान वाटला. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण आठ दिवसांनी तो अभिमान कुठे ठेवावा हे मला कळेना.

चौथ्या रविवारी माय स्वतः उतरली. बाबा सगळ्यांसमोर बोलले, त्याने तिला धीर आला होता. इतकी वर्षं ती लांबून पाहत होती, आता मात्र तिने पदर खोचला आणि आमच्यामागे चालू लागली. यंत्र जरा चढलं की ती मला बाजूला सारून हातांनीच माती काढायची. मी म्हटलं, "माय, तू सावलीत बस." ऐकणार कोण? अकरा वाजले, साडेअकरा वाजले. बाबा पाळीवरून हाका मारू लागले, "अवं, निंग तेथून! ऊन लागन!" ती वर पाहीना. बारा वाजता यंत्र एका जागी खूप जोरात ओरडलं. भाऊजी म्हणाले, "मामी, मोठी चीज हाय!" माय खड्ड्यात गुडघे टेकून बसली, दोन्ही हातांनी उकरू लागली. निघाली एक लोखंडी पहार, अर्धी तुटलेली. मायने ती दोन्ही हातांत धरली आणि तिथेच आडवी झाली.

भाऊजी आणि मी तिला उचलून घरी आणलं. डोळे लाल, अंग तव्यासारखं तापलेलं. माझ्या बायकोने कैऱ्या उकडून पन्हं केलं, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. दुपारी चारच्या सुमाराला मायने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. भाऊजी यंत्र उचलून मान खाली घालून घरी गेले. त्यांना असं पाहायची मला सवय नव्हती, वाईट वाटलं.

ऊन लागलं की आमच्याकडे तळपायांना कांदा चोळतात. बाबांनी कांदा ठेचला आणि खाटेच्या पायथ्याशी बसून मायच्या तळव्यांना चोळू लागले. बायकोच्या पायाला हात लावताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. मी दाराशी पट्ट्या पिळत होतो.

"गोठ तलावात नाही," बाबा म्हणाले. हात चालूच होते. "कधीच नव्हता. टोपली मी आंधीच खोलली होती."

माय छताकडे पाहत होती. "कवा?"

"दीक्षेच्या आठ रोज आंधी."

"अन् गोठ?"

"इकला. इतवारीतल्या सराफाले."

मायने पाय वर ओढून घेतले. बाबांचे कांद्याचे हात तसेच हवेत राहिले.

"पांढरे कपडे लागत होते," ते म्हणाले. "सगळी वस्ती पांढऱ्यात जाणार. तुह्यं लुगडं एक तं फाटकं, एक तं जांभळं. गिरणीत अ‍ॅडव्हान्स भेटला म्हनून तुले सांगतलं होतं. काही भेटला नव्हता. गोठाच्या पैशातच तुह्यं लुगडं घेतलं, पोरीचं झबलं घेतलं, याचा सदरा घेतला."

"तुमचं धोतर?"

"माहं जुनंच. धुऊन नेसलो."

माझा तोल गेला. मी पट्टी फेकली आणि ओरडलो, "बाबा, चार रविवार तुमी पाळीवर बसून पाहून राह्यले! माय मरता मरता वाचली! मी खड्डे खोदून खोदून—"

"तू चूप बस गा," माय म्हणाली. आवाज बारीक होता, पण मी चूप बसलो. तिने बाबांना विचारलं, "मले सांगतलं काहून नाही?"

"तू लपवला काहून?"

"तुमी इकसान म्हनून."

बाबांनी कांद्याचा चोथा मुठीत दाबला. मग म्हणाले, "मी रोज वाट पाह्यली का तू इचारशीन. इचारलं का सांगून देईन, असं ठरवलं होतं. तू इचारलंच नाही. तू पाळीवर जाऊन बसे, अन् मी घरी बसो. एक वर्स गेलं, दोन वर्सं गेले, मंग कोन्या तोंडानं सांगू?"

तिच्या न विचारण्याचं कारण त्यांना ठाऊक होतं, त्यांच्या न सांगण्याचं कारण तिला ठाऊक नव्हतं. तेवीस वर्षं दोघं एकाच खोलीत राहिली, एका चुलीवरचं जेवली आणि ही एक गोष्ट मध्ये ठेवून झोपली. मला दोघांनाही गदागदा हलवावंसं वाटत होतं. मी त्यांचा मुलगा आहे, त्यामुळे फक्त दाराची चौकट धरून उभा राहिलो.

माय रागावेल असं मला वाटत होतं. किंवा म्हणेल, गेलं ते गेलं, कपड्यासाठीच गेलं ना. तिने दोन्ही केलं नाही. ती एकदम उठून बसली. म्हणाली, "ते लुगडं मी फाडलं."

"कोनतं?" बाबा म्हणाले.

"तेच. पांढरं. दर साली दीक्षेच्या दिवशी नेसत होती, इरलं तं फाडलं. याच्या पोराचे लंगोट केले. उरलेलं वाकयीत टाकलं." मग ती रडू लागली, आणि मी माझ्या जन्मात तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. देवांसाठी नाही, गोठासाठी नाही, तिच्या मायसाठी रडली असेल तर ते मी जन्मायच्या आधी. "माह्या मायचा गोठ होता तो," ती म्हणत होती. "वीस वर्सं आंगावर होता माह्या, अन् मले मालूम नाही. मी त्याचे लंगोट केले. मले सांगतलं असतं तं मी फाडलं असतं काय? सांगा ना. फाडलं असतं काय?"

बाबांनी कांदा खाली ठेवला आणि हात धोतराला पुसले.

त्यानंतर सहा दिवस माय त्यांच्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पाणी द्यायची, बोलणं माझ्या बायकोमार्फत. पाचव्या रविवारी भाऊजी आले ते यंत्राशिवाय, हातात खरबूज. आम्ही त्यांना खरं काय ते सांगितलं. ते विचार करून म्हणाले, "म्हणजे मशीन बराबर चालत होती." मी कपाळावर हात मारून घेतला.

त्याच दुपारी मायने घरातल्या सगळ्या वाकळी अंगणात काढल्या. सहा होत्या. आमच्या वाकळी म्हणजे जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे तुकडे एकावर एक शिवलेले. मायने कात्रीने एकेक टाका उसवायला सुरुवात केली. पांढरा तुकडा निघाला की बाजूला ठेवायची. उन्हाने ती नुकती उठलेली, माझी बायको म्हणाली, आत बसून करा. ती सावलीत सरकली, एवढंच ऐकलं. संध्याकाळपर्यंत पांढऱ्या तुकड्यांचा चांगला ढीग झाला. बाबांची धोतरं, माझे सदरे, आत्याचं लुगडं, पिठाच्या पिशव्या, आणि त्यात कुठेतरी ते. वीस-वीस वर्षं धुतल्यावर सगळे एकाच रंगाचे होतात, मळकट पिवळे. मायने चेहऱ्याजवळ धरून पाहिले, बोटांनी चोळून पाहिले. तिला ओळखू येईना.

मग सहा दिवसांत पहिल्यांदा ती बाबांशी थेट बोलली. ढीग त्यांच्यापुढे सारला. "तुमी घेतलं होतं ना दुकानातून," ती म्हणाली. "वळखा."

बाबांनी चष्मा लावला. एक तुकडा उचलला, दुसरा उचलला. मला वाटलं, आता हे कोणतातरी एक उचलून "हाच" म्हणणार आणि मोकळे होणार. मी असतो तर तेच केलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. सगळे तुकडे एकेक करून उलटे-सुलटे पाहिले, काठ शोधला, वीण पाहिली. एकेक खाली ठेवला. शेवटी म्हणाले, "नाही वळखू येत."

"मंग पाहत राहा," माय म्हणाली. "मी तेवीस वर्सं पाह्यलं."

ती आत जाऊन चहा ठेवू लागली. बाबा अंधार पडेपर्यंत अंगणात बसून तुकडे पाहत होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर पुन्हा तिथेच जाऊन बसले.